कुत्र्याला फिट येतात, गोळी चालू करायची का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. आमचा लॅब्रॅडॉर ब्रूनो साडेतीन वर्षांचा आहे, गेल्या पाच महिन्यांत त्याला तीनदा फिट आली. पहिली पहाटे आली, आम्ही सगळे झोपेत, धडधड आवाज आला म्हणून उठलो तर हा आडवा पडून पाय झाडतोय, तोंडाला फेस, खाली शू झालेली. दोनेक मिनिटं असतील पण संपता संपत नव्हतं. नंतर तासभर घरभर गोल गोल फिरत होता, भिंतीला जाऊन धडकत होता, आम्हाला ओळखतच नव्हता. आमच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, सगळं नॉर्मल आलं, तिसऱ्या फिटनंतर म्हणाले फिनोबार्बिटोन चालू करू, बहुतेक आयुष्यभर द्यावी लागेल. मिस्टर म्हणतात एवढ्या स्ट्राँग गोळ्यांनी लिव्हर जातं, तीनच तर फिट आल्यात, एरवी हा ठणठणीत आहे, थांबूया. सासूबाई म्हणतात आधी एमआरआय करा. मला वाटतं गोळी सुरू करावी पण आम्ही दोघंही नोकरीवाले, वेळा पाळणं जमेल का ही भीती. आणि फिट आली की नेमकं काय करायचं तेही सांगा, कारण दर वेळी आम्ही तिघं तीन वेगळ्या गोष्टी करतो, एक जण तोंडात चमचा घालायला धावतो, एक पाणी शिंपडतो आणि मी रडत बसते.

उत्तर : गोळी चालू करा. आधी हे सांगून टाकतो म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल.

आता का ते. इंटरनॅशनल व्हेटरनरी एपिलेप्सी टास्क फोर्स म्हणून जगभरातल्या या विषयातल्या डॉक्टरांचा एक गट आहे, त्यांनी २०१५ साली याबद्दल एकत्र बसून शिफारशी काढल्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की सहा महिन्यांत दोन किंवा जास्त फिट आल्या, किंवा एकच आली पण पाच मिनिटांच्या वर चालली, किंवा चोवीस तासांत एकापाठोपाठ एक आल्या, किंवा फिटनंतरचा काळ फारच वाईट जातोय, तर औषध सुरू करावं. ब्रूनो पहिल्याच अटीत बसतो. तुमचे मिस्टर म्हणतात तसं एखादी फिट येऊन वर्ष-वर्ष काही झालं नसतं तर मीही म्हणालो असतो थांबा, नुसती तारीख लिहून ठेवा. पण पाच महिन्यांत तीन म्हणजे मेंदूला ती सवय लागायला लागलीय. अशा कुत्र्यांत वाट बघत बसलं की फिट जवळजवळ यायला लागतात, आणि एकदा त्या जोरात सुरू झाल्या की तीच गोळी तेवढं काम करत नाही.

लिव्हरचं म्हणाल तर मिस्टरांची काळजी खोटी नाही पण अर्धवट ऐकलेली आहे. हे औषध लिव्हरमधून जातं, त्यामुळे रिपोर्टमध्ये एएलपी नावाचा एक आकडा वाढलेला दिसतो आणि लोक घाबरून गोळी बंद करतात. नुसता तो वाढला म्हणजे लिव्हर खराब झालं असं नसतं, बऱ्याचदा तो औषधामुळेच वर जातो. खरा धोका वाढतो ते रक्तातली औषधाची पातळी ३५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिच्या वर बराच काळ राहिली तर. म्हणून तर पातळी तपासायची असते. सुरू केल्यावर साधारण दोन आठवड्यांनी एकदा, कारण रक्तात औषध स्थिर व्हायला तेवढा वेळ लागतो, मग काही आठवड्यांनी परत, आणि पुढे दर सहा महिन्यांनी पातळी, लिव्हर आणि रक्तपेशी. हे तपासणीचं जमणार नसेल तर ते आत्ताच डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा, ते दुसरं औषध सुचवू शकतील, पण गोळी चालू ठेवून तपासणी टाळत राहणं हे सगळ्यात वाईट. आणि सुरू करण्याआधी बाइल अ‍ॅसिड ही लिव्हरची टेस्ट झालीय का विचारा, नेहमीच्या प्रोफाइलमध्ये ती धरलेली नसते.

पहिले दोन-तीन आठवडे ब्रूनो वेगळाच वाटेल हे मात्र मनाची तयारी करून ठेवा. सुस्त पडेल, मागचे पाय जरा लडखडतील, पाण्याचं भांडं सारखं रिकामं करेल, त्यामुळे शू जास्त, आणि भूक तर विचारू नका, जेवून उठला की पाच मिनिटांत परत भांड्याशी. सुस्ती आणि लडखडणं बहुतेकांचं कमी होतं, तहान-भूक थोडीफार राहते. लॅब्रॅडॉर आहे म्हणजे आधीच खादाड, तेव्हा घरातल्या प्रत्येकाने दया येऊन एकेक घास दिला तर वर्षभरात तो गोल होईल, आणि वजन वाढलं की डोसचा हिशोब परत करावा लागतो. सासूबाईंना हे आधीच सांगून ठेवा (मला माहितीय हे बोलणं सोपं नाही).

वेळा पाळायच्या म्हणजे किती, तर दर बारा तासांनी. सकाळी ७ ला दिली तर रात्री ७ ला. नोकरीवाल्यांना हे सहज जमतं, तुम्ही दोघं कितीला निघता आणि कितीला नक्की परत आलेले असता ते बघून वेळ ठरवा, ७ ऐवजी ८-८ करा, साडेनऊ-साडेनऊ करा, औषधाला काही फरक पडत नाही, रोज तीच वेळ असण्याने पडतो. रविवारी उशिरा उठायचं म्हणून गोळी उशिरा असं नको. एखादी चुकली तर आठवल्याबरोबर द्या आणि पुढची नेहमीच्या वेळेला, पण दोन एकदम देऊ नका. देणारा माणूस एकच ठरवा नाहीतर काय होतं, प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने दिली, किंवा दोघंही देतात. फ्रिजवर कागद लावून खूण करायची साधी पद्धत सगळ्यात चांगली. आणि काहीही झालं, तो अगदी वर्षभर छान राहिला तरी, गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. अचानक बंद केली की त्याच धक्क्याने फिट येतात आणि त्या पहिल्यापेक्षा वाईट असतात. बंद करायची वेळ कधी आलीच तर डॉक्टर काही महिने घेऊन हळूहळू कमी करतात. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी नवीन आणा, बऱ्याच ठिकाणी हे औषध चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि नेमकं सुट्टीच्या दिवशी संपतं.

एमआरआयबद्दल सासूबाईंचं ऐकायचं का? आत्ता नाही, असं माझं मत. पहिली फिट सहा महिने ते सहा वर्षं या वयात आली, दोन फिटच्या मधल्या दिवसांत कुत्रा पूर्ण नॉर्मल आहे, डॉक्टरांनी मेंदू आणि नसांची तपासणी करून काही सापडलं नाही आणि रक्त-लघवी ठीक आहे, तर बहुतेक वेळा तो ज्याला इडिओपॅथिक एपिलेप्सी म्हणतात तोच प्रकार असतो, म्हणजे मेंदूत गाठबीठ काही नाही, जन्मजात प्रवृत्ती आहे. लॅब्रॅडॉर, गोल्डन, बीगल, जर्मन शेफर्ड, बॉर्डर कॉली यांच्यात हे बरंच दिसतं. झोपेत किंवा नुसतं पडलेलं असताना फिट येणं हेही त्यातलंच. अशांचा एमआरआय बहुधा स्वच्छ येतो, त्यासाठी पूर्ण भूल द्यावी लागते, आणि स्वच्छ आला तरी गोळी तीच. पण पुढे फिटच्या मधेही तो एका बाजूला कलतोय, वागणं बदललंय, किंवा औषध पुरेसं देऊनही फरक नाही असं झालं तर मग एमआरआय लांबवू नका.

आता फिट आली की काय करायचं. चमचा फेकून द्या. कुत्रा जीभ गिळत नाही, तोंडात काही घातलं तर त्याचे दात आणि तुमची बोटं दोन्ही जातील, तो मुद्दाम चावत नाही पण जबडा त्याच्या हातात नसतो. पाणीही नको, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. पहिलं काम घड्याळ बघणं. खरंच, फोनवर स्टॉपवॉच लावा, कारण माणसाला दीड मिनिट दहा मिनिटांसारखं वाटतं आणि पुढचा सगळा निर्णय त्या आकड्यावर आहे. दुसरा माणूस टेबल-खुर्ची बाजूला सरकवेल, डोक्याखाली पातळ काहीतरी मऊ घालेल, जिन्याजवळ असेल तर मागून, तोंडापासून लांब राहून, ओढून घेईल. टीव्ही बंद, दिवे मंद. घरात दुसरा कुत्रा असेल तर त्याला खोलीत बंद करा, एरवी जिवाभावाचे असलेले कुत्रे फिट आलेल्यावर तुटून पडतात असं होतं. तिसरा माणूस व्हिडिओ काढेल. हे विचित्र वाटेल पण तुमच्या वर्णनापेक्षा वीस सेकंदांचा व्हिडिओ डॉक्टरांना जास्त सांगतो, सुरुवात चेहऱ्याच्या एका बाजूने झाली का, डोळे उघडे होते का, हे सगळं त्यात असतं. झालं, तीन माणसं तीन कामं, तुमच्या घरात आधीच तिघं आहात.

बहुतेक फिट एक-दोन मिनिटांत आपोआप थांबतात, त्या वेळी त्याला शुद्ध नसते, तो तडफडतोय असं दिसतं पण त्याला ते कळत नसतं. पाच मिनिटं झाली आणि थांबत नाहीये तर ती इमर्जन्सी, तेव्हा घरगुती काही करत बसायचं नाही. अशा वेळेसाठी घरी ठेवायचं औषध आत्ताच डॉक्टरांकडून मागून घ्या, गुदद्वारातून द्यायचं डायझेपॅम किंवा नाकात मारायचं मिडाझोलॅम, ते कसं आणि किती द्यायचं हे त्यांच्यासमोर एकदा करून बघा. डायझेपॅम दिलं तर एक लक्षात ठेवा, ते प्लॅस्टिकच्या सिरिंजमध्ये भरून तयार ठेवू नका, प्लॅस्टिक ते शोषून घेतं आणि ऐन वेळी औषध कमी पडतं. औषध देऊन लगेच दवाखान्यात. जाताना गाडीत एसी किंवा खिडकी, अंग तापलेलं असतं, ओला टॉवेल पोटाला आणि पंजांना लावा. तसंच एका दिवसात दुसरी फिट आली, किंवा पहिलीतून नीट शुद्धीवर येण्याआधीच दुसरी सुरू झाली, तरीही वाट न बघता निघायचं.

फिटनंतर तो धडकत होता, ओळखत नव्हता म्हणालात, ते ठरलेलंच आहे. काही वेळ दिसतही नाही नीट, कोणी सारखं फिरत राहतं, कोणी अधाशासारखं खायला मागतं, कोणी झोपतं, काही तास ते कधी एखादा दिवस. तेव्हा त्याला मिठी मारायला जाऊ नका, घाबरून चावू शकतो, नंतर त्याला ते आठवणारही नाही. दिवे कमी असलेल्या खोलीत, जमिनीवर, लांबून हळू आवाजात नाव घेत बसा. नीट चालायला लागला की थोडं पाणी.

आणि वही. तारीख, वेळ, किती मिनिटं, त्या दिवशी गोळी वेळेवर गेली होती का, आदल्या दिवशी काही वेगळं होतं का. सहा महिन्यांनी औषध काम करतंय का हा वाद घरात होणारच, तेव्हा ही वही लागेल. फिट पूर्ण थांबल्या तर उत्तमच पण आम्ही डॉक्टर लोक निम्म्याने कमी झाल्या तरी औषध लागू पडलं असं धरतो, हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर चौथी फिट आली की लोकांना वाटतं सगळं फुकट गेलं.

प्रश्न : आमची पॉमेरेनियन चिंगी अकरा वर्षांची आहे. परवा फिरायला गेलो असताना अचानक कोसळली, अर्ध्या मिनिटात उठून परत चालायला लागली जणू काही झालंच नाही. ओळखीतले म्हणतात फिट आहे, वयानुसार होतं, लक्ष देऊ नका.

उत्तर : लक्ष द्या, आणि लवकर द्या. तुम्ही सांगताय त्यावरून मला फिटपेक्षा हृदयाची शंका जास्त वाटते. चालताना-धावताना कोसळणं, अंग ढिलं पडणं, आणि अर्ध्या मिनिटात एकदम ताजंतवानं होऊन उठणं हे बहुतेकदा चक्कर येऊन पडण्याचं लक्षण असतं. फिट झालेला कुत्रा असा लगेच शेपटी हलवत चालत नाही, तो नंतर बराच वेळ गोंधळलेला असतो. छोट्या जातींच्या म्हाताऱ्या कुत्र्यांत हृदयाच्या झडपा खराब होणं खूप कॉमन आहे. स्टेथोस्कोप, ईसीजी, छातीचा एक्स-रे आणि शक्य असेल तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. रात्री खोकते का तेही डॉक्टरांना सांगा.

आणि समजा ती खरंच फिट निघाली, तरी वरच्या ब्रूनोचं उत्तर चिंगीला लावू नका. सहा-सात वर्षांनंतर आयुष्यात पहिल्यांदा फिट येते तेव्हा मागे बहुधा काहीतरी कारण असतं, साखर कमी होणं, त्याला कधीकधी स्वादुपिंडातली छोटी गाठ कारण असते, लिव्हर, किडनी, किंवा मेंदूतली गाठ. तिथे एमआरआय पहिल्या यादीत येतो.

प्रश्न : आमचा बीगल गेली दोन वर्षं फिनोबार्बिटोनवर आहे, नंतर पोटॅशियम ब्रोमाइडही जोडलं. तरी महिन्याला एकदा फिटची रांग लागते, दोन दिवसांत पाच-सहा, मग दवाखान्यात अ‍ॅडमिट. मधल्या दिवसांत सुस्त असतो, मागचे पाय ओढतो. घरी मी आणि आई दोघंच, आईला आता त्याला उचलवत नाही, मला रात्री त्याच्या श्वासाच्या आवाजाने जाग येते. डॉक्टर आता लेव्हेटिरासिटॅम म्हणतायत, दिवसातून तीनदा. मनात येतं की सोडून द्यावं त्याला, मग स्वतःचीच लाज वाटते.

उत्तर : लाज कसली. दोन वर्षं दोन औषधं आणि दर महिन्याला अ‍ॅडमिट, एवढं करून तुम्ही हा प्रश्न विचारताय म्हणजे तो विचारायची वेळ आलीय.

आधी उरलेले पर्याय बघू, कारण काही उरलेत. दोन्ही औषधांची रक्तातली पातळी शेवटची कधी बघितली? ब्रोमाइड फार संथ औषध आहे, डोस बदलला की खरा परिणाम दिसायला तीन महिने लागतात, त्यामुळे मधेच अंदाज बांधून लोक चुकतात. शिवाय त्याच्या खाण्यातलं मीठ बदललं की ब्रोमाइडची पातळी हलते, मीठ वाढलं तर औषध शरीराबाहेर लवकर पडतं. खाद्य बदललं होतं का, घरातलं खारट काही मिळतंय का बघा. आणि पाय ओढणं, सुस्ती, हे आजारामुळे असेल असं धरून चालू नका, ब्रोमाइड जास्त झालं तरी अगदी असंच दिसतं, डोस कमी केल्यावर पाय परत नीट चाललेले मी पाहिलेत.

लेव्हेटिरासिटॅम चांगलं आहे, लिव्हरवर भार फारसा नाही, पण दर आठ तासांनी म्हणजे सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा, आणि फिनोबार्बिटोन चालू असलं की ते शरीरातून आणखी लवकर निघून जातं. दुपारी दोनला घरी आई आहेत का, त्यांना गोळी देता येते का, याचं खरं उत्तर डॉक्टरांना द्या. नसेल जमत तर दोन रस्ते आहेत. एक, दिवसातून दोनदा द्यायची लांब पल्ल्याची गोळी येते, फक्त ती तोडायची किंवा चुरायची नाही, त्यामुळे त्याच्या वजनाला त्या मापाची गोळी बसते का ते डॉक्टर सांगतील. दुसरा, काही डॉक्टर हे औषध रोज न देता फिटची रांग सुरू झाली की तेवढे दोन-तीन दिवसच देतात, महिन्याला एकदा ठरल्यासारखी रांग लागणाऱ्या कुत्र्यांत हे जमून जातं. त्याबरोबर नाकातलं मिडाझोलॅम घरी असेल तर पहिल्या फिटलाच देता येतं आणि कदाचित अ‍ॅडमिट करणं टळेल. एमसीटी तेल (एका खास प्रकारची चरबी) घातलेलं खास खाद्यही मिळतं, काही कुत्र्यांत त्याने फिट थोड्या कमी होतात, पण ते औषधाच्या जोडीला, औषधाऐवजी नाही. माणसांची फिनायटॉइन, कार्बामॅझेपिन कुणी सुचवली तर नको म्हणा, कुत्र्याच्या शरीरात ती टिकतच नाहीत.

हे सगळं करून बघायला तीन-चार महिने लागतील. तेवढी ताकद तुमच्यात आणि आईत आहे का, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. एवढं करा, फिटच्या वहीतच रोज एक ओळ जास्तीची लिहा, आज तो आपणहून दारापर्यंत आला का, आवडीचं खेळणं उचललं का, जेवला का. फिट मोजून हा निर्णय होत नाही, मधले दिवस कसे जातात त्यावर होतो. महिन्याला दोन दिवस वाईट आणि अठ्ठावीस दिवस तो तोच जुना बीगल असेल तर चालू ठेवण्यात अर्थ आहे. अठ्ठावीसही दिवस तो नुसता कोपऱ्यात पडून असेल, औषधं सुधारूनही, तर त्याला शांतपणे झोपवणं याला मी सोडून देणं म्हणत नाही. साधारण तीनात एक एपिलेप्सीचा कुत्रा असा निघतो की औषधांना नीट दाद देत नाही, त्यात तुमचं काही चुकलेलं नसतं. आणि ठरवायचंच झालं तर रांग सुरू असताना रात्री दोनला ठरवू नका, मधल्या एखाद्या बऱ्या दिवशी आईबरोबर बसून आणि डॉक्टरांशी बोलून ठरवा, कुठली परिस्थिती आली की थांबायचं ते आधीच लिहून ठेवा. आज काही ठरलं नाही तरी चालेल.

प्रश्न : आमच्या कुत्रीला वर्षातून एखादी फिट येते, औषध चालू नाही. तिला गोचिडांची चघळायची गोळी दिली तर चालेल का? कोणीतरी म्हणालं त्याने फिट येतात.

उत्तर : फ्लुरालेनर, अ‍ॅफोक्सोलेनर, सॅरोलेनर, लोटिलेनर यातलं नाव पाकिटावर असेल तर देण्याआधी डॉक्टरांना फिटबद्दल सांगा. या गटाच्या औषधांनी काही प्राण्यांत थरथर, तोल जाणं, फिट असं होऊ शकतं अशी सूचना अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१८ साली काढली होती. औषधं बंद झालेली नाहीत, बहुतेक कुत्र्यांना ती व्यवस्थित चालतात, पण फिटचा इतिहास असलेल्या कुत्रीला मी दुसरा पर्याय आधी बघेन, गळ्यातला पट्टा किंवा पाठीवर टाकायचे थेंब. फक्त घरात मांजर असेल तर परमेथ्रिनवाले थेंब कुत्रीलाही नको, मांजर तिला चाटेल किंवा शेजारी झोपेल आणि फिट मांजराला येतील. आणि ती नसबंदी झालेली नसेल तर वहीत माजाच्या तारखाही लिहा, काही कुत्रींना फिट नेमकी त्याच सुमारास येते, तसं दिसलं तर ऑपरेशन करून घेणं बरं, पिल्लं तर तिची घेऊच नका.